भाऊजींचं दरपत्रक

दिल्लीत प्लंबर हजारोंनी असतील, पण गळक्या नळाची रीतसर चौकशी करून, दोष कुणाचा ते ठरवून, मगच मजुरीचा आकडा तोंडातून काढणारा प्लंबर या सबंध राजधानीत एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलत दीर निघाला. हे माझं भाग्य म्हणायचं की भोग, ते लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी मला ठरवता आलेलं नाही. माझं सासर म्हणजे केंद्र सरकारची एक शाखाच होती. सासरे, त्यांचे तिघे भाऊ, आमचे हे, दोन चुलत नणंदा, सगळे कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात चिकटलेले. मी सून म्हणून आले तीही बगलेत फाइल मारूनच. पंगतीला बसलं की वरणावर तुपाआधी महागाई भत्ता वाढला जायचा. अशा घरात भाऊजी तेवढे हातात पाना घेऊन हिंडत. कारकुनाच्या परीक्षेला ते तीनदा बसले. तिसऱ्यांदा तर पेपर अर्ध्यावर टाकून उठले, कारण परीक्षेच्या वर्गाबाहेरचा नळ टपटपत होता आणि त्या आवाजात यांना बेरजा जमेनात. नळ बंद करून परत येईपर्यंत पेपर गोळा झाले होते. घरच्यांनी कपाळाला हात लावला. भाऊजींचं म्हणणं एवढंच, की नळ तर थांबला ना.

त्यांचा जन्म हिंदूरावच्या इस्पितळातला आणि वाढले करोल बागेत, त्यामुळे मराठी घरात आणि हिंदी घराबाहेर असा त्यांचा कारभार. नळाच्या आट्यांना ते ‘चूडी’ म्हणत आणि तोटीला ‘टोंटी’. मी सुधारायला गेले की ‘बिल्कुल, वहिनी’ म्हणत आणि पुन्हा टोंटीच म्हणत. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हाची गोष्ट. मी नवी नवरी होते. भाऊजी आले, मोरीतल्या नळाचा वॉशर बदलला, पोटभर जेवले, दोनदा ताक मागून घेतलं आणि हात पुसत म्हणाले, ‘वहिनी, पंधरा रुपये.’ आमच्याकडे घरच्या माणसाने घरच्या माणसाकडून पैसे घेणं म्हणजे जवळपास घटस्फोटच. माझा चेहरा पाहून त्यांनी मला शांतपणे समजावलं, ‘फुकट केलेल्या कामाची तक्रार करता येत नाही. पैसे द्या, आणि उद्या गळलं तर हक्कानं ओरडा.’ मी पंधरा रुपये दिले. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यांच्यावर हक्कानं ओरडत आले आहे, आणि एवढ्या स्वस्तात एवढा मोठा हक्क मला दुसऱ्या कुठल्या सासरच्या माणसाने दिला नाही.

पण पंधराच का, दहा का नाहीत, वीस का नाहीत, हे मला पुढे कळलं. इतर मिस्त्री काम पाहून पैसे सांगतात. काही जण घर पाहून सांगतात, काही सोफा पाहून, आणि गुरुग्रामात तर खाली उभी असलेली गाडी पाहून. भाऊजी दोष पाहून सांगत. नळ उघडायचा, आतला वॉशर काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवायचा, बादली पालथी घालून तिच्यावर बसायचं, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि घरातल्या सगळ्यांना बोलवायचं. मग चौकशी सुरू. खाऱ्या पाण्याने खाल्ला असेल तर पाण्याचा दोष, त्याची मजुरी सगळ्यांत कमी, कारण पाण्याला कोण काय बोलणार. झिजून झिजून गेला असेल तर वयाचा दोष, मजुरी तेवढीच. पण कुणी नळ दातओठ खाऊन पिळला असेल, तर तो घरच्यांचा दोष आणि त्याची मजुरी तिप्पट. मात्र गुन्हेगाराने पुढे येऊन कबूल केलं तर ताबडतोब निम्मी. आधीच्या एखाद्या मिस्त्रीने घाण करून ठेवली असेल तर सगळ्यांत महाग, कारण त्या मिस्त्रीला तुम्ही स्वस्त पडतो म्हणून बोलावलं होतं आणि त्या स्वस्ताईचा हिशेब कधीतरी व्हायला हवा. आणि त्यांचं स्वतःचंच काम बिघडलं असेल तर एक पैसा नाही, वर सामानही त्यांचं. काम चालू असताना मागे उभं राहून सल्ला दिलात तर त्याचे वेगळे पैसे. हे सगळं अगदी गंभीरपणे चाले. ‘माणूस खोटं बोलतो, वहिनी, टोंटी नाही बोलत,’ असं ते म्हणत आणि वॉशर उजेडात धरत.

आमच्या ह्यांनी एकदा मोबाइलवर कसलासा व्हिडिओ पाहून संडासातला फ्लश उघडला होता. मला त्याचा पत्ता नव्हता. पाणी वाहायला लागलं तेव्हा ह्यांनी प्रथम कामवालीवर संशय घेतला, मग टँकरच्या पाण्यावर, मग एकूण बांधकाम व्यवसायावर. भाऊजी आले, झाकण उचललं, आत दोन मिनिटं पाहिलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, ‘हा हात पुरुषाचा आहे. सुशिक्षित आहे. स्क्रू काढताना त्याने ते ओळीने मांडून ठेवले, आणि लावताना एक उरला म्हणून खिशात टाकला.’ हे वर्तमानपत्राच्या मागे होते. वर्तमानपत्र जरासं हललं. भाऊजी बादलीवर बसून राहिले. ते असे अर्धा-अर्धा तास बसत, घाई म्हणून करत नसत. शेवटी ह्यांनी पायजम्याच्या खिशातून स्क्रू काढून टेबलावर ठेवला आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. ‘दादा, निम्मे झाले,’ भाऊजी आनंदाने म्हणाले. ह्यांनी नोकरीत छत्तीस वर्षांत एकही चूक लेखी कबूल केली नव्हती. तेव्हापासून माझ्या मनात भाऊजींविषयी जो आदर निर्माण झाला, तो कमी झालेला नाही.

घासाघीस त्यांना चालत नसे. चालत नसे म्हणजे ते रागावत नसत, आवाजही चढवत नसत. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त साहेबांनी स्वयंपाकघरातल्या नळाचे तीनशे ऐकून दोनशे पुढे केले. चूक कबूल केलेली नव्हती, त्यामुळे सूट नव्हती. भाऊजींनी दोनशे घेतले नाहीत. पुन्हा बादलीवर बसले, नळ उघडला, नवा वॉशर काढून खिशात टाकला, वर्तमानपत्रावरचा जुना कुरतडलेला वॉशर जिथल्या तिथे बसवला, नळ पूर्वीसारखा टपटपतो आहे याची खात्री केली, फरशी पुसली आणि नमस्कार करून निघाले. साहेब तीन दिवस तो आवाज ऐकत होते. चौथ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला आणि सांगितलं, की नळ त्यांनीच पिळला होता, बायकोशी भांडण झालं होतं त्या दिवशी. भाऊजी त्याच संध्याकाळी मेट्रोने आले आणि दीडशे घेऊन गेले. एवढं साहेबांनीच मला सांगितलं; भांडण कशावरून झालं होतं हे मी भाऊजींना खोदून खोदून विचारलं, पण ते काही त्यांनी मला सांगितलं नाही. चौकशीत कळलेलं बाहेर बोलायचं नाही, असाही त्यांचा एक नियम होता, आणि आमच्या घराण्यात तो पाळणारे ते एकटेच.

आम्ही अकरा वर्षांपूर्वी गुरुग्रामच्या या सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि आमच्यामागून भाऊजी इथले झाले. एकाचं पाहून दुसऱ्याने बोलावलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने. पहिल्यांदा सगळ्यांना हा माणूस विक्षिप्त वाटे, दुसऱ्यांदा बोलावताना लोक आधीच आपसात ठरवत की कुणी कबूल करायचं. तिकडे करोल बागेतली त्यांची जुनी घरं एकेक करून दुकानं आणि हॉटेलं होत गेली. हॉटेलवाल्यांना चौकशी नको असते, पाणी हवं असतं. शेवटी भाऊजींचं जवळजवळ सगळं काम आमच्या सोसायटीतच उरलं. आठवड्यातले चार दिवस ते पिशवी घेऊन मेट्रोने यायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. तिच्यापुढे हात पसरतील असा तो माणूस नव्हे. आणि पैशांचं एक वेळ सोडा, काम नसेल त्या दिवशी त्यांना काय करायचं तेच सुचत नसे. एकदा सणाच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आले, तर दुपारपर्यंत आमच्या घरातले सगळे नळ दोनदा उघडून बंद करून झाले होते.

अशात मागच्या वर्षी सोसायटीने देखभालीसाठी एक कंपनी नेमली आणि नियम झाला, की बाहेरच्या कुठल्याही कारागिराने आपलं दरपत्रक आधी जमा करायचं. ज्याचं दरपत्रक नाही त्याचं नाव फाटकावरच्या मोबाइलमध्ये चढणार नाही, आणि नाव नाही त्याला पहारेकरी आत सोडणार नाही. मुदत महिन्याची. नियम अगदी चोख होता. असणारच, कारण तो मी लिहिला होता. मी समितीची सचिव. निवृत्त झाल्यावर मला इतक्या दिवसांनी काहीतरी मसुदा करायला मिळाला, तेव्हा त्या भरात मी पोटनियमांसकट तो असा काही घट्ट बांधला, की त्यातून मुंगी आत शिरली नसती. भाऊजी त्यात अडकतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. छत्तीस वर्षं सरकारी नियम केले, त्यांच्यात अडकणारी माणसं नेहमी दुसऱ्यांच्या घरातली असत.

भाऊजींना मी सांगितलं तर ते म्हणाले, की न पाहता भाव सांगणं म्हणजे आधी खोटं बोलायचं आणि मग ते खोटं दुसऱ्याच्या नळावर बसवायचं, आणि ते त्यांच्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, होईल. तेही हट्टी आणि मीही हट्टी. चार दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. समितीचा अध्यक्ष म्हणजे पुण्याहून आलेला कॉम्प्युटर कंपनीतला एक मुलगा, मला काकू म्हणतो; त्याने तर सांगितलं होतं, ‘काकू, सिंपल आहे हो, पंधरा ओळींचं एक्सेल.’ पहिल्या दुपारी मी पहिली ओळ लिहिली: वॉशर बदलणे. भाऊजींनी विचारलं, कुणामुळे. मी म्हटलं, कुणामुळे का असेना, वॉशर तो वॉशर. त्यांनी माझ्याकडे जराशा दयेने पाहिलं. ‘वहिनी, झोपेतून उशिरा उठलेल्याला आणि रस्त्यात अपघात झालेल्याला तुम्ही ऑफिसात एकच मेमो देत होता का?’ नियमाच्या माणसाला नियमानेच गाठलं होतं. दुसऱ्या दुपारी आम्ही पाइपांवरून भांडलो, तिसऱ्या दुपारी ते निघूनच गेले आणि जिन्यावरून परत आले, कारण पिशवी विसरली होती. चौथ्या दुपारी मी एक्सेल बंद केलं, कोरा कागद घेतला आणि म्हटलं, बरं, तुमच्या पद्धतीने सांगा.

मग जे झालं ते पाच कलमांचं झालं. एक, पाण्याचा दोष: शंभर रुपये. दोन, वयाचा दोष: शंभर रुपये, वस्तू बदलावी, कुणाला बोल लावू नये. तीन, घरच्यांचा दोष: तीनशे, कबूल केल्यास दीडशे. चार, आधीच्या मिस्त्रीचा दोष: पाचशे. पाच, स्वतःचा दोष: मजुरी नाही, सामान माझं, नुकसान माझं. खाली मी एक टीप घातली, की काम चालू असताना दिलेल्या सल्ल्यास पन्नास रुपये जादा आकारण्यात येतील. ‘आकारण्यात येतील’ हे वाचून भाऊजी इतके खूश झाले, की त्यांनी ते तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. कागद हातात धरून ते बराच वेळ बसले होते. आपण गेली चाळीस वर्षं जे करत आलो ते इतकं कमी होतं, की एका पानात मावलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. मला मात्र तो माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला मसुदा वाटला, आणि अजूनही वाटतो.

समितीपुढे कागद गेला. अध्यक्षाने वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, ‘काकू, हे रेट कार्ड आहे का पीनल कोड?’ सगळे हसले. दोष कुणी ठरवायचा, ठरवलेला पटला नाही तर अपील कुणाकडे, असे प्रश्न निघाले. मी उभी राहिले. मी विचारलं, की अकरा वर्षांत या इमारतीत कुणाला भाऊजींचा निकाल चुकीचा वाटला असेल त्याने हात वर करावा. कुणी हात वर केला नाही. मग कोपऱ्यातले एक वयस्क सदस्य खाकरले आणि हिंदीत सांगू लागले, की त्यांच्या बाथरूमचा शॉवर मुलाने लटकून तोडला होता, घरात कुणाला कळलं नव्हतं, भाईसाहबांनी पाच मिनिटांत ओळखलं. त्यांच्यामागून दुसऱ्या बाई बोलल्या, मग तिसरे. बघता बघता समितीची सभा बाजूला राहिली आणि सगळे जण आपापल्या नळांचे गुन्हे कबूल करत सुटले. अध्यक्षाने घड्याळ पाहिलं आणि कागदावर सही केली. दोन दिवसांनी भाऊजींना निळ्या दोरीचं, फोटोचं ओळखपत्र मिळालं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या गळ्यात सरकारी ओळखपत्रं होती, ते तेवढे मोकळ्या गळ्याचे होते. मेट्रोत, भाजी घेताना, आमच्याकडे जेवायला बसतानासुद्धा ते कार्ड त्यांच्या गळ्यात असायचं. आमटीत बुडू नये म्हणून ते शर्टाच्या खिशात सारत. मला त्यांची चेष्टा करावीशी वाटे आणि करवत नसे.

सात-आठ आठवडे झाले असतील. अध्यक्षाच्याच फ्लॅटमध्ये छतातून पाणी उतरलं आणि झोपायच्या खोलीतलं नवंकोरं कपाट फुगलं. वरच्या मजल्यावर एक भाडेकरू जोडपं राहायचं, नुकतंच त्यांनी कपडे धुण्याचं मशीन बसवलं होतं. दोष त्यांचाच, असा सगळ्यांचा निकाल झालेलाच होता. त्यांच्यातली मुलगी बिचारी वरच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या दारात हात जोडून उभी होती आणि न केलेला गुन्हा कबूल करून टाकायच्या बेतात होती. समितीची सचिव म्हणून मीही तिथे होते. भाऊजींनी भिंतीतली टाइल काढली, आतला जोड उघडा केला आणि टॉर्च मारला. नेहमीसारखी चौकशी चालली असेल म्हणून आम्ही वाट पाहत राहिलो. ते जोडाला बोट लावत होते. बोटानेच तो फिरत होता. मग त्यांनी गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळलेला धागा हळूहळू सोडवला, आणि मला कळलं, कारण धाग्याच्या शेवटी अशी दुहेरी गाठ मारणारा माणूस अख्ख्या गुरुग्रामात भाऊजींखेरीज दुसरा नाही. हाताने जोड घट्ट केला होता आणि वरून पाना लावायचाच राहिला होता. शिकाऊ माणूससुद्धा असं करत नाही. भाऊजी उठले, चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘ग़लती मेरी है। पाँचवाँ नंबर।’

त्यांनी ते काम दोन दिवसांत पुरं केलं, पैसे घेतले नाहीत, कीर्तिनगरहून सुतार आणून कपाटाची दारं बदलून दिली. अध्यक्ष खरंच भला मुलगा आहे. त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की काका, होतं असं, चलता है यार, दारांचे पैसे नकोत. भाऊजींनी दारांचे पैसे दिलेच. मला वाटलं, मिटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्याकडे आले, ताक मागितलं नाही, आणि निळ्या दोरीचं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मी कार्ड त्यांच्याकडे सरकवलं, त्यांनी परत माझ्याकडे. मी म्हटलं, पाचव्या कलमात नुकसानभरपाई लिहिली आहे, कार्ड परत करावं असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि सचिव म्हणून मी ते घेणार नाही. ते हसले. मग म्हणाले, की चूक झाली त्याचं एवढं नाही, चूक पूर्वीही झाली असेल. ‘पण वहिनी, त्या घरात मी कधी गेलो होतो, हेच मला आठवत नाही. गाठ माझी आहे म्हणून मी आहे. नाहीतर मी नाहीच.’

तरी मी हरायला तयार नव्हते. मी उठून दरपत्रक आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, मग ते पाचवं कलम नव्हेच, दुसरं आहे. वयाचा दोष. कुणाला बोल लावू नये असं तुम्हीच लिहून घेतलं आहे. बोल नाही, तर शिक्षाही नाही. इतकी वर्षं मी नियमाला पळवाटा काढत आले, पण एवढी चांगली पळवाट मला पूर्वी कधी सापडली नव्हती. भाऊजींनी कागद घेतला, चष्मा नाकावर आणला आणि ती ओळ सावकाश वाचली. मग बोट ठेवून मधले दोन शब्द मला दाखवले. ‘वस्तू बदलावी,’ ते म्हणाले. ‘बोल नाही लावायचा, बरोबर. पण बदलायची.’ चौकशी पुरी झाली होती आणि निकाल बरोबर होता, म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला. त्या रागात मी त्यांना खूप बोलले, हक्कानं बोलले, आणि ते नेहमीसारखे ऐकून घेत बसले.

आता भाऊजी रविवारचे येतात, पिशवी न घेता. पाहुण्यासारखे सोफ्यावर बसतात, ह्यांच्याशी बातम्यांवर वाद घालतात, माझ्या सांगण्यावरून डॉक्टरकडे जाऊन आले, गोळ्या घेतात असं म्हणतात. मध्ये एका रविवारी आमच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. जेवून हात धुवायला गेले, तेव्हा त्यांना तो ऐकू गेला असणारच. त्यांनी नळ दोनदा हलक्या हाताने बंद केला, थोडा वेळ तिथेच उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘कंपनीवाल्याला बोलवा, वहिनी.’ मी मान हलवली. आम्ही दोघांनी विषय बदलला, पण मला पुढचं काही ऐकूच येत नव्हतं.

कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला, ठरल्या वेळेला, स्वच्छ गणवेशात. दहा मिनिटांत त्याने नळ उघडला, आतलं जुनं काढून कचऱ्यात टाकलं, नवं बसवलं, फरशी पुसली. काम चांगलं केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. तो पाने आवरत होता आणि मी मागे उभी होते, का कोण जाणे निघवत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून मीच तो नळ ओल्या हाताने कचकन पिळला होता, आठवड्याभरापूर्वी. कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मी आपण होऊन त्याला सांगितलं, ‘भैया, ग़लती मेरी थी। मैंने ही ज़ोर से कस दिया था।’ त्याने वर पाहिलं, जरासा गोंधळला, आणि मग एखाद्या वयस्क बाईची समजूत काढावी तसं अगदी प्रेमाने म्हणाला, ‘कोई बात नहीं, आंटी। रेट वही है।’